हातचा एक

पुंता आरेनासला जुलैत सूर्य दहाला उगवतो
आणि सहाच्या आत निघून जातो,
सरकारी नोकरीत असल्यासारखा.
तिकिटांच्या खिडकीत माझा दिवा दिवसभर चालू.

आबेलार्दो मियालोंको चिठ्ठी वाचत म्हणाला, "इन्व्हरकार्गिल.
तिथे मेंढ्या व्यायच्या आधी कातरतात. दर चांगला आहे."
मग न विचारताच,
"बायकोला अजून तीन आठवडे आहेत. सुईण म्हणाली."

सरळ किती, त्याला हवं होतं.
मी टेबलावरच्या पृथ्वीच्या गोळ्यावर
त्याच्याच स्वेटरचा सुटलेला धागा ताणला:
इथून खाली, बर्फावरून, पलीकडे वर.
सात हजार सहाशे किलोमीटर.
"पण तसं कोणी जात नाही.
मध्ये काही बिघडलं तर उतरणार कुठे?"

जायचा रस्ता असा:
दक्षिणेला पोचायचं म्हणून आधी उत्तरेला, सान्तियागो.
मग तेरा तास नुसतं पाणी.
ऑकलंड. तिथून पुन्हा खाली.
तेरा हजार किलोमीटर, थांबे धरून एकोणतीस तास.
तिकिटावरच्या तारखा मात्र चव्वेचाळीस म्हणतात.

"मधले पंधरा?"
"तारखेच्या रेषेवर द्यावे लागतात. येताना परत मिळतात."
"पावती?"
मी हसले. तो हसला नाही.
बारा हंगाम दुसऱ्यांच्या कुरणांवर काढलेला माणूस
असंच विचारणार.

तेराच्या रात्री अकरा-चाळीसला सान्तियागो सोडलं,
पंधराच्या पहाटे ऑकलंडला उतरला.
चौदा जुलै त्याला लागलीच नाही.
म्हणजे लागली असेल थोडी,
ब्लँकेटखाली, शेजाऱ्याच्या घोरण्यात,
कोणी तारीख पुकारली नाही एवढंच.

आणि एदुविना चौदालाच बाळंत झाली,
सकाळी नऊ-पन्नासला.
सूर्य आणि मुलगी एकाच वेळी,
दोघंही जरा निळसर.

त्या मिनिटाला विमान कुठे होतं
ते मी नंतर काढून पाहिलं. सवय.
रेषेच्या अलीकडेच होतं अजून.
ना बेट, ना दिवा,
पण बाप त्याच तारखेत होता.
नर्स फोन लावत होती,
आणि फोन बंद असल्याचं एक रेकॉर्ड केलेली बाई
तिला न कंटाळता सांगत होती.

ऑगस्टअखेर परतला.
ऑकलंड सोडलं संध्याकाळी सहाला,
सान्तियागोला उतरला त्याच दिवशी दुपारी एकला,
निघायच्या पाच तास आधी.
थेट खिडकीशी आला, बॅग खांद्यावरच.
"तास मिळाले," म्हणाला,
"पण हे बुधवारचे आहेत. माझे सोमवारचे गेले होते."
यावर कंपनीचा काही नियम नाही.

मिरेया आता दुसरीत आहे.
यंदा त्यानं पंधरा तारखेनंतरचं तिकीट मागितलं.
छत्तीस हजार पेसो जास्त पडले.
नोटा मोजताना ओठ हलत होते.
पोरगी काउंटरखाली वहीत बेरजा करत बसलेली,
मध्येच मान वर करून मला म्हणाली,
"हातचा एक म्हणजे कोणाच्या हातचा?"

मी सांगितलं, शाळेत सांगतात तसं:
जो आकडा या घरात मावत नाही
तो हातात धरायचा आणि पुढच्या घरात न्यायचा.
"आणि पुढच्या घरात जाईपर्यंत?"
"हातातच."
"सांडला तर?"

प्रिंटर खरखरला, तिकीट आलं,
आबेलार्दोनं ते घडी घालून आतल्या खिशात ठेवलं.
बाहेर वारा सुटला होता,
फुटपाथवर माणसांनी धरायला बांधलेला दोर थरथरत होता.
तिनं एका हातानं दोर धरला.
दुसरी मूठ मिटलेली,
कोपऱ्यावर वळेपर्यंत
तिनं ती उघडली नाही.